दादाचं चौदा

आमच्या नव्या गाडीनं पहिल्या टाकीला लिटरमागं नऊ किलोमीटर दिले, दुसऱ्या टाकीला साडेसात आणि तिसऱ्या टाकीला साडेसहा. मी चौतीस वर्षं एस.टी.च्या डेपोत डिझेलच्या खिडकीवर काढली आहेत. नवं इंजिन मुरत जातं तसं ॲव्हरेज थोडं थोडं चढतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. घसरत जाणारं ॲव्हरेजही मी भरपूर पाहिलं होतं, पण त्या गाड्या दहा-बारा वर्षं घाटात घासलेल्या असायच्या. ही तर शिटांवरचं प्लॅस्टिकही न काढलेली.

डेपोतलं माझं काम सोपं आणि नावडतं होतं. कोणत्या गाडीत किती डिझेल घातलं, ती किती पळाली, भागाकार किती आला. ज्याचा भागाकार कमी, तो ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीसमोर उभा. स्टँडवर गाडी लावून इंजिन चालूच ठेवणाऱ्यांचा मला विशेष राग. 'उभ्या गाडीचं डिझेल म्हणजे पापाचं डिझेल' हे माझं वाक्य होतं आणि माझ्या पाठीमागे ड्रायव्हर लोक ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायचे. गडहिंग्लजला मुक्कामाला जाणाऱ्या एका ड्रायव्हरनं एकदा सांगितलं होतं की बॅटरी उतरलीय, बंद केली तर गाडी पुन्हा सुरू होणार नाही, प्रवाशांना ढकलायला लावू का. मी त्याचंही नाव वर पाठवलं. कारण ऐकणं माझ्या कामात बसत नव्हतं.

आता मी निवृत्त आहे आणि कसबा बावड्यात आमच्या घरी असतो. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या थोरल्या भावाच्या. खाली दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि सून. वर मी आणि आमची मंडळी, म्हणजे बायको. अंगणात गोठा, दोन म्हशी, आणि एका बाजूला चार खांबांवर पत्रा टाकून केलेली गाडीची जागा. पत्रा आधी टाकला, गाडी नंतर बुक केली. दादाचं सगळं असंच असायचं.

आयुष्यभर स्कूटरवरून डेअरीला दूध घातलेला माणूस. सहासष्टाव्या वर्षी त्याच्या मनानं घेतलं की मोठी गाडी घ्यायची. साधी मोठी नाही, सात माणसांची, चढायला पायरी लागते असली. बुकिंग करून आला तेव्हा हातात पेढ्याचा पुडा होता. मी पेढा घेतला नाही. आधी विचारलं, किती देते?

"चौदा," दादा म्हणाला.

दोन टनाचं धूड चौदा देत नसतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, शोरूमवाल्यानं स्वतः सांगितलंय. मी म्हणालो, शोरूमवाला तुला शेंडी लावतोय आणि तू उभा राहून लावून घेतोयस. आवाज चढत गेले. वहिनी चहा घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. मी म्हणालो, आपण हत्ती विकत घेत नाही, त्याला रोज घालायचं विकत घेतो. तो म्हणाला, तुझं ॲव्हरेज घाल चुलीत, मधल्या शिटवर पाय पसरून बस की लेका, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचं डिझेल मोजलंस. त्यावर मी जे बोललो ते असं.

"मेलो तरी तुझ्या त्या गाडीत बसणार न्हाई."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी वर गेलो आणि जेवायला खाली आलो नाही. सकाळी दादा डेअरीला दूध घालायला गेला. तिथंच रांगेत त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. स्कूटर आणि रिकामी किटली शेजाऱ्यानं संध्याकाळी आणून दिली.

तेव्हापासून मला काही वाटत नव्हतं. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि लाजूनही नाही. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं झालं होतं. लोक येऊन गळ्यात पडायचे. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचो आणि डोक्यात एवढंच असायचं की यांना चहा द्यायला कप पुरतील का. दहावा झाला, तेरावा झाला. भाऊबंद म्हणाले, कसा खंबीर आहे बघा. मी खंबीर नव्हतो. बधिर होतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

तिसऱ्या महिन्यात शोरूममधून फोन आला की गाडी आली आहे. पुतण्या म्हणाला, बुकिंग रद्द करू. भाऊबंदही म्हणाले, वर्ष झाल्याशिवाय घरात नवी वस्तू आणत नाहीत. वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की ही नवी कुठली, ही त्यांनी आधीच घेतली आहे. पुतण्यानं कागदांवरचं नाव बदलून घेतलं.

गाडी आणायला आम्ही पाच जण गेलो. आत ऑफिसात नाव बदललेलं ठाऊक होतं, पण बाहेर हॉलमध्ये जी मंडळी गाडी देण्याचा कार्यक्रम करतात त्यांना कुणी कळवलं नव्हतं. गाडीवर लाल झूल टाकली होती. फुगे होते. केक होता. हातात यादी घेतलेल्या एका मुलीनं दादाचं पूर्ण नाव वाचलं आणि गोड आवाजात विचारलं की काका कुठं आहेत, थांबू या का त्यांच्यासाठी.

"न्हाई, ते यायचं न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "करा सुरू."

त्यांनी केलं सुरू. झूल ओढली, नळकांड्यातून चमचमत्या कागदांचे तुकडे उडवले, आम्हाला पुठ्ठ्याची मोठी किल्ली धरायला दिली. कुणी नको म्हणालं नाही. नको म्हणायलाही अंगात काहीतरी लागतं. फोटो काढला. तो नंतर फोनवर आला, खाली काहीतरी आनंदाचा क्षण वगैरे लिहिलेलं. फोटोत पाच माणसं आहेत, कुणीच हसत नाही, आणि वहिनींच्या केसांत सोनेरी कागदाचा एक तुकडा आहे. घरी येऊन चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी लिंबांवरून मीच नेली, कारण डेपोत बस पुढंमागं करून मोठी गाडी चालवायची सवय घरात मलाच. पुतण्या फौंड्रीत शिफ्टला जातो, त्याला मोटरसायकल पुरते. मेलो तरी बसणार नाही म्हणालेला माणूस दादाच्या जागेवर स्टेअरिंग धरून बसला.

आणि मग पहिली टाकी झाली. नऊ.

खरं सांगतो, मला चौदा हवे होते. इतक्या महिन्यांत मला हवंसं वाटलेलं ते एकच. चौदा आले असते तर दादा खरा ठरला असता आणि मी खोटा. त्या संध्याकाळचं भांडण माझ्या एकट्याच्या मूर्खपणाच्या खात्यावर गेलं असतं आणि मी ते निमूट घेतलं असतं. नऊ आले, साडेसात आले, तसा मी खरा ठरत चाललो. मेलेल्या भावापुढं खरं ठरण्याइतकी ओंगळ गोष्ट दुसरी नाही. भांडण जिंकायचं आणि समोर कुणी नाही.

बावड्यात नवी गाडी आली की तिची किंमत कुणी विचारत नाही, ती आधीच सगळ्यांना ठाऊक असते. ॲव्हरेज विचारतात. मी खरं ते सांगायचो आणि मग प्रत्येकाकडं औषध असायचं. एक म्हणाला टायरमधली हवा बघा. दुसरा म्हणाला डिझेल भरायचा पंप बदला. तिसऱ्यानं माझा पाय क्लचवर राहतो म्हणून सांगितलं, मला, हेवी लायसन्सवाल्याला. केस कापणारा म्हणाला की नजर लागलीय, मागं काळी बाहुली बांधा. चहाच्या गाड्यावरचा एक म्हातारा सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाला, "पावणं, हत्ती दारात बांधलाय, तर उसाची मोळी लागणारच की." सगळे हसले. मीही तोंड तसं केलं. हत्तीचा शब्द माझाच होता, फिरून माझ्याकडं आला होता.

मी हवा बघितली. पंप बदलला. साडेसहा आले.

एके दिवशी संध्याकाळी डिझेलचा काटा बघितला आणि थबकलो. सकाळी गाडी लावली तेव्हा काटा होता त्यापेक्षा बारीकसा खाली होता. किलोमीटरचा आकडा मात्र तोच. म्हणजे गाडी कुठं गेली नव्हती आणि डिझेल गेलं होतं. डेपोत याला एकच नाव असतं. चोरी. मी डेपोतलाच उपाय केला. टाकीच्या बाहेरच्या झाकणाच्या फटीवर डिंकानं कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर अर्धी झाकणावर, अर्धी पत्र्यावर येईल अशी सही केली. झाकण उघडलं की सही फाटणार. आमची मंडळी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, आता गाडीला सील, उद्या माझ्या तोंडाला लावा.

तीन दिवसांनी पट्टी जशीच्या तशी. सही शाबूत. काटा खाली.

सर्व्हिसिंगला गाडी नेली तेव्हा मी सगळं सांगितलं. पट्टीचंही सांगितलं. तिथला मेकॅनिक चाळिशीचा, शांत माणूस होता. त्यानं स्टेअरिंगखाली एक वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, "काका, तुमची गाडी पळती कमी, हुबी जास्त ऱ्हाती. इंजिन चालू, चाक बंद. रोजचं दीड-दोन तास."

मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. चौतीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी मी माणसांना खिडकीसमोर उभं केलं, ती माझ्या दारात चालली होती आणि मी झाकणाला डिंक लावत बसलो होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा.

दुपारी दोन ते चार मी वाचनालयात असतो. पेपर वाचतो, म्हणजे पेपरमागं बसतो. आमची मंडळी त्या वेळी खाली वहिनींच्याच खोलीत झोपतात, सून शाळेत शिकवायला गेलेली असते. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी नेहमीसारखा पिशवी घेऊन निघालो, साखर कारखान्याच्या वळणापर्यंत गेलो आणि मागच्या बोळानं परत आलो. गोठ्याच्या कुडाशी उभा राहिलो. म्हशींनी एकदा बघितलं आणि रवंथ करू लागल्या.

गाडीचं इंजिन चालू होतं. दार उघडलं आणि वहिनी ड्रायव्हरच्या जागेवरून खाली उतरल्या, पायरीवर आधी एक पाय, मग पदर सावरून दुसरा. मला वाटलं, बंद करायचं विसरल्या. पण त्यांनी दार लावून घेतलं, बॉनेटवर हात ठेवत, म्हशीला वळसा घालताना ठेवतो तसा, पुढून फिरून डाव्या बाजूला आल्या, वर चढल्या आणि आत बसल्या. पट्टा लावला. काचा वरच होत्या. ड्रायव्हरची जागा रिकामी.

त्या समोर बघत होत्या, समोर आमच्याच घराची भिंत आणि वाळत घातलेले कपडे. मग त्यांचं तोंड उघडलं. चेहरा सगळा गोळा झाला. त्या रडत होत्या, मोठ्यानं रडत होत्या हे गळ्यावरच्या शिरांवरून कळत होतं, आणि मला ऐकू येत होतं ते फक्त इंजिन आणि एसीच्या पंख्याची घरघर.

दादा गेल्यापासून मी वहिनींना रडताना पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं. रडणार कधी? पहिल्या दिवसापासून आम्ही त्यांना एक मिनिट एकटं सोडलं नव्हतं. आमची मंडळी रात्री त्यांच्या खोलीत अंथरूण टाकायच्या. सकाळी सून चहा घेऊन शेजारी बसायची. मंगळवार पेठेतून त्यांच्या बहिणी आळीपाळीनं यायच्या. त्या न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिल्या तर बाहेरून हाक जायची. डोळ्यांत पाणी दिसलं की चौघी मिळून म्हणायच्या, रडायचं नाही, पोरांकडं बघायचं. आणि या सगळ्याचा आम्हाला अभिमान होता. भरल्या घरात दार लावून बसावं अशी एक जागा त्या बाईला ठेवली नव्हती. दादानं आणून दिली ती ही, चार दारांची.

तिथं उभं असताना माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? एसीसकट तासाला सव्वा लिटर. लाज वाटते, पण तेच आलं. मग मी बोळानं वाचनालयात गेलो आणि पेपरमागं बसलो.

कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळी ओल्या फडक्यानं कागदाची पट्टी काढली. आमच्या मंडळींनी विचारलं, सापडला का चोर? म्हणालो, चोरच नव्हता, सेन्सर बिघडला होता. टाकी कमी झाली की जाऊन भरून आणायचो. दुपारी दोनच्या आधी गाडी पत्र्याखाली येईल असं बघायचो, तोंड भिंतीकडं न करता बाहेर रस्त्याकडं करून लावायचो, म्हणजे निदान वाळणारे कपडे बघत बसायला नको. किल्ली चुकूनही माझ्या खिशात राहू न देता दारामागच्या नेहमीच्या खिळ्यालाच अडकवायचो. एवढंच माझ्याच्यानं होत होतं.

पण आकडा डोक्यातून गेला नाही. उभ्या गाडीचं वजा केलं तर ती रस्त्यावर देते किती? साडेसहा हे दादाचं उत्तरच नव्हतं, ते वहिनींच्या दुपारींचं होतं. म्हणजे चौदा अजून शक्य होते. त्या विचारानं मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रात्री भूक लागली आणि मी दोन भाकरी खाल्ल्या.

एका सकाळी पुतणीला शेंगा द्यायचं निमित्त काढून मी एकटाच गडहिंग्लजला निघालो. दादाची लेक तिथं दिली आहे. हायवेवरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली, फेस बसू दिला, पुन्हा भरली. पंपावरचा माणूस वैतागला. मग साठच्या पुढं काटा जाऊ दिला नाही. एसी नाही, काचाही वर, कारण उघड्या काचेनं वारा अडतो. घामानं भिजलो. ट्रक हॉर्न मारत पुढं गेले, भाजीचे टेंपो पुढं गेले. संकेश्वरच्या अलीकडं एक एस.टी. पुढं गेली आणि तिच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढून माझ्याकडं अशी नजर टाकली की माझ्या चौतीस वर्षांचं उट्टं निघालं. पुतणी जेवून जा म्हणाली. दारातच उभ्यानं चहा घेतला. ती गाडीकडं बघत राहिली, मग आत निघून गेली. मी तसाच परत फिरलो.

त्याच पंपावर, त्याच नळीनं, पुन्हा काठोकाठ. पावतीच्या मागं भागाकार केला. साडेदहा. पुन्हा केला. साडेदहा. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती तरी केला.

म्हणजे मी खरा. घाई नाही, गर्दी नाही, एसी नाही, माझ्यासारखा डिझेलबाबू स्टेअरिंगवर, तरी साडेदहा. दादाला शोरूमवाल्यानं शेंडी लावली होती आणि दादानं ती लावून घेतली होती. मी पावती घडी करून खिशात ठेवली. मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला तेव्हा निघालो.

घरी पोचायला अडीच वाजून गेले होते. फाटकातून गाडी आत घेतली आणि बघतो तर वहिनी रिकाम्या पत्र्याखाली उभ्या. काही करत नव्हत्या. गाडी असते त्या जागेच्या मधोमध हात बांधून उभ्या होत्या. मला बघून बाजूला झाल्या आणि उगाचच खांबाजवळचा झाडू उचलला.

मी गाडी त्यांच्या जागी लावली. न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरलो. एसी लावला होता. दार लावलं.

"बंद केली न्हाईसा," वहिनी म्हणाल्या.

"असू दे चालू."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हशींकडं बघितलं. झाडू खांबाला परत टेकला गेल्याचा आवाज आला, मग पुढून वळसा घालून जाणाऱ्या पावलांचा, मग डावं दार. मी जायला निघालो होतो. पण जाऊन कुठं बसणार होतो, पेपरमागं? मी मधलं दार उघडलं, पायरीवर पाय दिला आणि मधल्या शिटवर बसलो. गाडी आल्यापासून त्या जागेवर मी पहिल्यांदाच बसत होतो. पाय खरंच पसरता येत होते.

आतून आवाज वेगळाच येतो. इंजिन दूर कुठंतरी असल्यासारखं वाटतं. वहिनींचा फक्त अंबाडा दिसत होता. शेजारी दादाची रिकामी जागा. मग मी सांगून टाकलं, त्यांना सांगायचं होतं की स्वतःला, कोण जाणे.

"वैनी, मी आज मोजून आलो. दादा म्हणत हुता तसं चौदा न्हाई देत. धाच देतीया. साडेधा."

"धाच देणार की," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. "शोरूमवाल्यानं धाच सांगितलं हुतं. मी शेजारीच बसलेली."

मला कळेना. "मग चौदा?"

"ते तुमास्नी सांगायला." त्यांनी पट्टा ओढून सारखा केला. "येताना रस्त्यातच म्हणालं, धा सांगितलं तर त्यो बसायचाच न्हाई. चौदा सांगतो. गाडी आली की चार दिसांत त्येला कळंल, लई भांडंल. पर भांडंल ते गाडीत बसूनच भांडंल की."

मला हसू आलं. खरोखरचं हसू. दादाचा आवाजच आला मला त्यात, 'की'वरचा जोरसुद्धा. शेंडी शोरूमवाल्यानं त्याला लावली नव्हती, त्यानं मला लावली होती. चौतीस वर्षं आकडे पकडणाऱ्या माणसाला त्यानं पेढ्याच्या पुड्यासकट खोटा आकडा दिला होता, आणि तो पकडला जाणार हे धरूनच दिला होता. पुढं तो गाडी चालवणार, मागं मी पावती नाचवत बसणार, वहिनी मधे पडणार, आणि आम्ही भांडत भांडत गडहिंग्लजला पोचणार. सगळं ठरवून ठेवलं होतं त्यानं. मी हसत होतो आणि हसता हसता ते हसू राहिलं नाही. घशातून असा काही आवाज यायला लागला की तो माझा आहे हे मला आधी कळलंच नाही. पुढच्या शिटाची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि कपाळ तिच्या प्लॅस्टिकवर टेकलं.

वहिनी मागं वळल्या नाहीत, रडायचं नाही असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त हात पुढं केला आणि एसीचा पंखा मोठा केला.

गाडी अजून साडेसहाच देते. कधी सहा. परवा पंपावर टाकी भरत असताना शेजारी एकजण ट्रॅक्टरसाठी कॅन घेऊन उभा होता, पन्नाशीचा, टोपीवाला. गाडीभोवती एक फेरी मारून आला, पायरीवर हात ठेवून बघितला.

"काय पावणं, ॲव्हरेज किती देतीया?"

"चौदा," मी म्हणालो.

त्यानं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. एवढं धूड चौदा कसं देईल, म्हणाला.

"देतीया की," मी म्हणालो. "आमच्या दादानं सांगितलंय."